बटणाला वजन नसतं

मे महिन्याचं विजेचं बिल आलं तेव्हा मी पेटीतले हापूस उलटेपालटे करून बघत होते. ४४७ युनिट. गेल्या मे महिन्यात २६८ होती.

घरात लगेच तीन निकाल लागले. नवरा म्हणाला, "एसी." मुलगा म्हणाला, "मीटर फॉल्टी असणार." सासूबाई सोफ्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "लायटी. या घरात माणसं कमी आणि लायटी जास्त."

सासूबाई कराडहून दर उन्हाळ्यात दोन महिने आमच्याकडे पुण्याला येतात. त्या आल्या की घरात अंधार पडतो. मी भाजी चिरता चिरता कोथिंबीर आणायला गॅलरीत जावं, परत येईपर्यंत स्वयंपाकघरातला दिवा त्यांनी घालवलेला असतो. मुलगा बाथरूममध्ये असताना त्यांनी बाहेरून दोनदा दिवा घालवलाय. आतून आरडाओरडा झाला की त्या शांतपणे म्हणतात, "असशील म्हणून ठाऊक नव्हतं. गात जा."

एसीचं मला मान्य होतं. मुलगा बारावीला, अभ्यासाच्या नावाखाली एप्रिलमध्ये त्याच्या खोलीत एसी बसला आणि रिमोटवर १८ आकडा कायमचा मुक्कामाला आला. पण महावितरणच्या बिलावर मागच्या वर्षभराच्या वापराचे लहान लहान खांब छापलेले असतात, त्यांच्याकडे मी कधी नव्हे ते नीट पाहिलं. डिसेंबरचा खांब २१० चा होता. डिसेंबरात एसी नव्हताच. पंखे जवळजवळ बंद. मग ही दोनशे दहा युनिटं गेली कुठं?

या प्रश्नाने मला दोन दिवस छळलं. घरखर्चाच्या वहीत दूधवाल्याचे खाडे, इस्त्रीवाल्याचे कपडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं लिहिणारी मी. वाण्याच्या यादीत जिरं पन्नास रुपयांनी जास्त लागलं तर फोन करणारी. आणि इथे मोघम "वीज आकार" वाचून मुकाट पैसे भरत होते, वर्षानुवर्षं.

आमच्या इमारतीत सगळ्यांचे मीटर खाली पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या जाळीच्या दारामागे आहेत. पूर्वीच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची, तिच्यावरच्या काळ्या खुणेवरून वेग कळायचा. आता चकतीच्या जागी एक लाल ठिपका लुकलुकतो. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं की किती वेळा लुकलुकलं म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे, आणि एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर. म्हणजे दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, की त्या क्षणी घर किती वॉट ओढतंय ते कळतं. अकरा सेकंद आले तर साधारण शंभर वॉट. हे गणित मुलाने मांडून दिलं. हे सगळं भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात आहे, असंही ऐकवलं.

तर एका दुपारी मी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन जिन्याखाली बसले. हातात वही, मोबाइलवर सेकंद मोजायचं घड्याळ. वर घरात सासूबाई, त्यांच्या हातात नवऱ्याचा जुना फोन. त्या बटणं लावणार आणि घालवणार, मी मोजणार. वॉचमनकाका तीनदा येऊन विचारून गेले, "ताई, काय हरवलंय का?"

पहिल्यांदा घरातलं सगळं बंद करायला सांगितलं. फ्रीजसुद्धा. सासूबाईंचं फोनवर धावतं वर्णन चालू: "पंखा घालवला. टीव्ही घालवला. फ्रीज घालवला, पण लवकर आटप, दूध आहे आत. आता काही म्हणजे काही चालू नाही."

लाल ठिपका लुकलुकला. मी मोजायला लागले. चौदाव्या सेकंदाला परत लुकलुकला. पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा.

म्हणजे काहीही चालू नसलेलं आमचं घर ऐंशी वॉट ओढत होतं.

"आई, काहीतरी चालूय."

"काही नाही चालू. सगळीकडे फिरून बघितलंय मी."

आपण झोपलेले असताना, गावाला गेलेले असताना, दाराला कुलूप असताना हे ऐंशी वॉट चालूच. चोवीस तास, तीस दिवस. वहीत गुणाकार केला, ५७ युनिट आली. दर महिन्याला. डिसेंबरातल्या दोनशे दहाचा पाव हिस्सा मला जिन्याखाली बसल्या बसल्या सापडला होता.

मग शोध सुरू झाला. टीव्हीखालच्या सेटटॉप बॉक्सचा लाल दिवा मला आठवला. रिमोटने टीव्ही बंद होतो. बॉक्स आत जागाच असतो, बारा वॉट खात. शिवाय बेडरूममध्ये दुसरा टीव्ही, जो गेल्या दिवाळीपासून कुणी लावलेला नाही. त्याचाही बॉक्स निष्ठेने जागा होता. राउटर. मायक्रोवेव्हचं घड्याळ, जे कायम चुकीची वेळ दाखवतं. पाण्याचा फिल्टर. एकेकाची पिन सासूबाईंनी उपटली आणि मी खाली सेकंद मोजले. ऐंशीतले चाळीस वॉट असे मिळाले. उरलेले चाळीस मात्र काही केल्या मिळेनात.

"आई, माळ्याखालचा इन्व्हर्टर?"

फोनवर शांतता. मग, "तो तर लाईट गेल्यावर लागतो ना?"

हा इन्व्हर्टर भारनियमनाच्या दिवसांतला. तेव्हा कराडच्या घरी दिवसातून किती तास वीज जाईल याचं वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून दारामागे चिकटवलेलं असायचं. दळण त्यावर ठरायचं, पाणी भरणं ठरायचं, पाहुण्यांना जेवायला कधी बोलवायचं तेही ठरायचं. सासऱ्यांनी पैसे साठवून इन्व्हर्टर घेतला. पुढे आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा तो आम्हाला दिला, सोन्याचा दागिना द्यावा तसा. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायला मी कधी चुकले नाही. आता आमच्या भागात वीज महिन्यातून एखादवेळा जाते, तीही अर्धा तास. पण इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झाली होती. म्हातारी बॅटरी भरतच नाही, नुसती पीत राहते आणि गरम होते. चाळीस वॉट ती एकटी पीत होती. बदल्यात, नंतर कळलं, वीज गेल्यावर वीस मिनिटंसुद्धा दोन पंखे चालवण्याची तिची ताकद राहिली नव्हती.

सासूबाईंनी पिन काढली आणि खाली लाल ठिपका विझला तो विझलाच.

आता मजा करायची म्हणून मी म्हटलं, "आई, स्वयंपाकघरातला दिवा लावा. फक्त तेवढाच." हा नऊ वॉटचा एलईडी, ज्याच्यावरून आमच्यात रोज झटापट होते. मी वाट बघत बसले. एक मिनिट गेलं. दीड मिनिट. वॉचमनकाकाही आता शेजारी उभे राहून बघायला लागले. दोन मिनिटं पाच सेकंदांनी ठिपका एकदा, उपकार केल्यासारखा, लुकलुकला.

"आता तो घालवा आणि गीझर लावा."

ठिपका वेडा झाला. सेकंदाला जवळजवळ दोनदा. मोजता येईना म्हणून मी दहा सेकंदांत किती ते मोजलं, सतरा-अठरा आले. वॉचमनकाका म्हणाले, "आग लागली की काय?"

मी वर गेले आणि सासूबाईंना हे सांगितलं. नऊ वॉटचा दिवा एक युनिट जाळायला एकशे अकरा तास घेतो, गीझर अर्ध्या तासात जाळतो. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती गरम करायला जितकी वीज लागते तितक्यात हा दिवा दीड दिवस अखंड जळेल. त्या ऐकत होत्या, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग म्हणाल्या, "दोन्हींचं बटण तर सारखंच आहे."

मला वाटतं, त्या दिवशीचं खरं वाक्य हेच होतं.

सासूबाईंचं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. त्या रात्रीबद्दल त्या फार बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "भूकंपात मुंबईचे दिवे गेले म्हणे. आमच्याकडे होतेच कुठे जायला?" डोंगरापलीकडे पोफळीला त्यांच्याच नदीचं पाणी वीजघरात पडत होतं आणि त्यांच्या घरात रॉकेलची चिमणी होती. त्या घरात उजेड आणि ऊब या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. चिमणीला रात्रभरात वाटीभर रॉकेल लागायचं, तेही रेशनचं, म्हणून वात खाली. पण आंघोळीच्या बंबाला सरपणाची मोळी लागायची आणि ती मोळी डोक्यावरून आणावी लागायची. कुणाला सांगावं लागत नव्हतं की पाणी तापवणं महाग आणि दिवा लावणं स्वस्त. मानेला कळायचं. बंबात उरलेल्या निखाऱ्यांवर दुसऱ्याचं पाणी तापायचं, आंघोळीला एकामागून एक रांग असायची, मध्ये बंब विझू द्यायचा नाही. ज्याने उशीर केला त्याने गार पाण्याने उरकावं.

बटणाला वजन नसतं. तेच प्लॅस्टिक, तोच टक आवाज, एकाच पट्टीवर शेजारी शेजारी. एकामागे चिमणी, दुसऱ्यामागे मोळी. आणि हिशेब महिन्याने, तोही सगळ्यांचा मिळून एकच आकडा. वाण्याने महिन्याच्या शेवटी "किराणा, एवढे झाले" इतकंच लिहून चिठ्ठी दिली असती, तर जिरं जास्त लागलं की केशर, हे कुणाला कळलं असतं?

सासूबाईंची दिवे घालवायची सवय मला उगाच वाटायची, ती तशी नव्हती. ज्या काळात ती लागली त्या काळात दिवा साठ वॉटचा होता, नाहीतर शंभरचा. ट्यूबचा तांब्याचा चोकसुद्धा दहा-बारा वॉट खायचा. दोन खोल्यांतले दोन बल्ब घालवले तर बिलात फरक दिसायचा. मग सीएफएल आले, २०१५ मध्ये स्वस्त एलईडी देणारी सरकारची उजाला योजना आली, बघता बघता एलईडी घराघरांत गेले. साठ वॉटचं काम नऊ वॉटमध्ये व्हायला लागलं. दिवा बदलला, ओरडणं तेच राहिलं. आम्ही सगळेच अजून त्याच जुन्या बल्बमागे धावतोय. दिसतो ना तो! गीझर बाथरूमच्या छताजवळ, इन्व्हर्टर माळ्याखाली, बॉक्स टीव्हीमागे. जे डोळ्यात खुपतं ते विझवून आपण काटकसर केल्याच्या समाधानात झोपतो.

पुढचे पंधरा दिवस घरात थोडी उलथापालथ झाली. इन्व्हर्टर बॅटरीवाल्याला मोडीत दिला. जिन्यावरून उतरताना सासूबाईंनी त्याला हात लावून नमस्कार केला, मीही केला. दुसऱ्या टीव्हीचा बॉक्स परत केला. पहिल्याला बटणाची पट्टी लावली, झोपताना ती बंद. राउटर मुलाने बंद करू दिला नाही. आठ वॉटवरून मी घरात युद्ध करणार नाही.

गीझरच्या खाली एक छोटं चाक असतं. आमचं ७५ वर होतं, कुणी ठेवलं देव जाणे. पंचाहत्तर अंशांचं पाणी अंगावर कोण घेतं? आपण ते इतकं तापवतो, मग बादलीत निम्मं गार पाणी घालतो आणि टाकीत उरलेलं उकळतं पाणी दिवसभर भिंतीला ऊब देत बसतं. चाक ५० वर आणलं. आणि बंबाची रांग परत आणली. सहा ते पावणेसात गीझर चालू, तेवढ्यात सगळ्यांच्या आंघोळी, मग बंद. यातली रांग लावण्याची जबाबदारी अर्थातच सासूबाईंकडे. या कामात त्या इतक्या रमल्या की मुलाला दारावर दोन थापा पडायच्या, "मोळी संपत आली."

एसीवर मात्र सरळ भांडण झालं. १८ ठेवला की खोली लवकर गार होते, हा मुलाचा दावा. होत नाही. २४ वर ठेवला तरी यंत्र त्याच जोराने सुरू होतं, १८ वर ते फक्त थांबायचं नाव घेत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं म्हणणं असं की एक अंश वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. त्याच कारणाने २०२० पासून नवे स्टार लेबलवाले एसी मुळात २४ वर सुरू होतात. आमचाही होत होता, चिरंजीव तो खाली आणत होते. शेवटी २६ आणि वर पंखा, यावर तह झाला. पहिल्या रात्री त्याने मोठ्या कष्टाने चादर काढून दाखवली. तोवर तो एसीत ब्लँकेट घेऊन झोपत होता, हे इथे नमूद करते.

हॉलचा पंखा दिवसातून पंधरा तास फिरतो. तो पंचाहत्तर वॉटचा होता, त्याजागी तीस वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा आणला. महिन्याला वीस युनिटं तिथे वाचतात. सासूबाईंना तो आवडला नाही, कारण त्याला रिमोट आहे आणि भिंतीवरचा रेग्युलेटर काढून टाकावा लागला. "पंख्याला चावी नाही म्हणजे काय?" बाकीचे पंखे मी बदलले नाहीत. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून वीस दिवस फिरतो, त्याच्यावर तीन हजार घालणं हा बचतीचा नाही, हौसेचा मामला. फ्रीजही ठेवला. त्याच्या दारावर पाच तारे आहेत, पण त्या चिकटपट्टीवर सालही छापलेलं असतं आणि ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात. तेव्हाचे पाच तारे आता किती उरले असतील ते मी बघितलं नाही. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहिला, अडकला, म्हणजे गारवा बाहेर जात नाही. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची धूळ पुसली. बस.

गॅसच्या बाबतीत सासूबाईंना शिकवायची माझी टाप नव्हती. तिथे त्यांना वजन अजून दिसतं, सिलिंडर हलवून बघता येतो ना. डाळ तासभर आधी भिजवलेली. कुकरमध्ये खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे. शिट्टी होऊन गॅस बारीक. आमटीला उकळी आली की झाकण घालून गॅस बंद, "शिजते ती आपोआप, तिला काय घाई आहे?" त्या असल्या की आमचा १४.२ किलोचा सिलिंडर आठवडाभर जास्त जातो. ज्या बाईला उरलेल्या उबेवर आमटी शिजवता येते, तिला गीझर दिवसभर चालू आहे हे खुपू नये, याचं मला आधी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही.

बिल कमी झालं की नाही? झालं. पण यात एक गंमत कळली. खालच्या मजल्यावरचे काका नेहमी सांगायचे, तीनशे ओलांडले की सगळीच युनिटं महाग दराने धरतात. तसं नाही. पहिल्या शंभरांना पहिलाच दर लागतो, एकशे एक ते तीनशेला त्यापुढचा, पाचशेपर्यंत त्याहून वरचा. चढत्या पायऱ्या आहेत त्या. पहिल्या पायरीपेक्षा तिसरीचा दर दुपटीहून जास्त. म्हणजे आपण वाचवतो ती युनिटं नेहमी सर्वांत वरच्या पायरीवरची, सर्वांत महाग. त्यांच्यावरचं सोळा टक्के वीज शुल्कही वाचतं. म्हणून ४४७ वरून साडेतीनशेच्या आत येणं हे कागदावर दिसतं त्यापेक्षा खिशाला जास्त जाणवतं. स्थिर आकार मात्र स्थिरच. घराला कुलूप लावून काशीला गेलात तरी तो तुमच्या नावाने येणार.

नवऱ्याला आता गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे आहेत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, हे तो प्रत्येक सभेत सांगतो. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि एका कुटुंबाच्या वाळवणाचे वंशपरंपरागत हक्क आहेत. तो विषय चार सभांपासून "पुढील सभेत चर्चा" यावर आहे.

जूनच्या शेवटी सासूबाई कराडला परतल्या. आठवड्याने दुपारी फोन.

"अगं, मी बसलेय मीटरपाशी. सगळं घालवलंय, फ्रीजसकट. बॉक्सची पिन काढलीय. तरी लुकलुकतंय."

"किती सेकंदांनी?"

"सेकंद कुठले? माळ घेऊन बसलेय. एक दोन म्हणत एकेक मणी ओढते. पंचाहत्तर होतात."

त्यांच्याही मीटरवर ३२०० च आहे, ते त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. ११२५ भागिले ७५. पंधरा वॉट. मी डोळ्यांसमोर त्यांचं घर आणलं, ओटी, माजघर, स्वयंपाकघर.

"आई, देवघरात तो लाल दिवा आहे ना?"

"तो झिरोचा आहे."

"झिरोचा जुना बल्ब पंधरा वॉटचा असतो. रात्रंदिवस चालू आहे म्हणजे महिन्याला दहा-अकरा युनिटं."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"झिरो म्हणजे शून्यच ना गं?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्याला शून्यच धरून चालले होते."

"एलईडीचा मिळतो, अर्ध्या वॉटचा. मी पाठवते."

"नको. काढून ठेवते तो. समई लावीन, दिवसभर. तिची वात तरी मला दिसते."

तेलाचा भाव मी काढला नाही.